हिरड्यांतून रक्त, पायांवर ठिपके आणि काचेवरचा एक थेंब

हिमोग्लोबिन ८.४. पांढऱ्या पेशी १,९००. प्लेटलेट २२,०००.

वय १९, मुलगी. आठ-दहा दिवसांपासून दात घासताना हिरड्यांतून रक्त येतंय, पायांवर लाल ठिपके उठलेत, आणि यावेळची पाळी थांबायचं नाव घेत नाही. बाकी तशी ठीक आहे. थकवा जाणवतो, पण तो जागरणांचा असेल असं घरच्यांना वाटलं. हा रिपोर्ट कुणा एका मुलीचा नाही. लॅबच्या टेबलावर येणाऱ्या अशा अनेक कागदांवरून मी तो या लेखापुरता जुळवला आहे. पण हे तीन आकडे असे एकत्र खाली आलेले दिसले की मी हातातलं काम बाजूला ठेवते आणि आधी त्या नमुन्याची स्लाइड मागवते. एवढी घाई का, आणि रक्ताच्या त्या एका थेंबात आम्ही नेमकं काय शोधतो, ते सांगायला बसले आहे.

सुरुवात ठिपक्यांपासून करू, कारण सगळ्यात आधी घरच्यांना दिसतात ते ठिपकेच. टाचणीच्या टोकाएवढे, सपाट, हाताला न लागणारे, न खाजणारे. बहुतेकदा घोट्यांच्या आसपास आणि नडग्यांवर, कारण उभं राहिल्यावर रक्ताचा दाब तिथे जास्त असतो. त्यांच्यावर पारदर्शक काचेचा ग्लास दाबून पाहा. साधं पुरळ असेल तर लाली क्षणभर फिकी पडते. हे ठिपके फिके पडत नाहीत, कारण तिथलं रक्त वाहिनीच्या आत नसतंच, ते बाहेर त्वचेत झिरपलेलं असतं. आपल्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांना दिवसभर बारीक गळत्या लागत असतात आणि प्लेटलेट तिथल्या तिथे बूच मारत असतात. आपल्याला त्याचा पत्ताही नसतो. प्लेटलेट पुरेशा नसल्या की ती गळती डोळ्यांना दिसू लागते: त्वचेवर ठिपक्यांच्या रूपात, हिरड्यांत, नाकात, पाळीत.

रक्तस्राव कुठे होतोय यावरून बरंच कळतं. त्वचेतून आणि ओल्या अस्तरांतून, म्हणजे नाक, तोंड, गर्भाशय यांतून होत असेल तर प्लेटलेटवर संशय जातो. सांध्यात किंवा स्नायूत खोलवर रक्त साकळत असेल, तर रक्त गोठवणारी प्रथिनं कमी असण्याची शक्यता जास्त. त्याहून महत्त्वाचा प्रश्न म्हणजे ‘कधीपासून?’ लहानपणापासून नाक फुटतंय, पहिल्या पाळीपासूनच रक्तस्राव जास्त, आईलाही तसंच व्हायचं, अशी कहाणी असेल तर जन्मजात दोषाचा विचार करायचा. कालपरवापर्यंत काहीच नव्हतं आणि दोन आठवड्यांत हे सगळं सुरू झालं, तर ती गोष्ट निराळी. जुना सीबीसी, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीचा, रिपोर्ट घरात असेल तर तो शोधून आणा, असं मी आवर्जून सांगते. सहा महिन्यांपूर्वी तिन्ही आकडे व्यवस्थित होते एवढं कळलं तरी डॉक्टरांचा अर्धा गोंधळ मिटतो.

एक गोष्ट ठामपणे सांगते. प्लेटलेट कमी म्हणजे ब्लड कॅन्सर नव्हे. तरुण माणसात प्लेटलेट कमी होण्याची साधी कारणं कितीतरी आहेत. डेंग्यू आणि इतर विषाणूंचे ताप, काही औषधं, बी-१२ ची कमतरता, आणि शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच प्लेटलेटवर उलटते तो आयटीपी नावाचा आजार. कधी कधी तर प्लेटलेट कमी नसतातच. नळीतल्या रसायनामुळे त्या एकमेकींना चिकटतात, मशीनला मोजता येत नाहीत आणि रिपोर्टमध्ये आकडा खोटाच कमी येतो. तेव्हा पायावर एक निळा डाग दिसला म्हणून रात्रभर झोप उडवून घेऊ नका.

मग या मुलीच्या कागदात वेगळं काय आहे? प्लेटलेटचा आकडा नव्हे. तिच्या *तिन्ही* पेशी खाली आहेत.

कारखाना बंद पडला की काय होतं

तांबड्या पेशी, पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट या तिन्ही एकाच कारखान्यात बनतात. तो कारखाना म्हणजे हाडांच्या पोकळीतला मगज, अस्थिमज्जा, ज्याला दवाखान्यात सगळे बोन मॅरो म्हणतात. प्रौढ माणसाची मज्जा दिवसाला सुमारे २० हजार कोटी तांबड्या पेशी आणि सुमारे १० हजार कोटी प्लेटलेट तयार करते. आकडा डोक्यात मावत नाही, पण एवढं लक्षात ठेवा की हे काम एक दिवसही थांबून चालत नाही. प्लेटलेट जेमतेम आठ-दहा दिवस जगते, तांबडी पेशी चार महिने, तर जंतूंशी लढणारी न्यूट्रोफिल पेशी रक्तात एखादा दिवसही काढत नाही. कारखाना थंडावला की अल्पायुषी पेशी आधी संपतात. म्हणूनच अशा आजारात थकव्याचं कुणी मनावर घेण्याआधी रक्तस्राव आणि ताप दारात येऊन उभे राहतात.

आयटीपीमध्ये कारखाना नीट चालू असतो, फक्त तयार झालेला माल बाहेर पडल्यावर नासतो. त्यामुळे प्लेटलेट अगदी ५,००० वर आल्या तरी पांढऱ्या पेशी ठीक असतात, हिमोग्लोबिन ठीक असतं (रक्त फार गेलं असेल तर तेवढं उतरतं), आणि प्लीहा सहसा वाढलेली नसते. तीव्र ल्युकेमियात, म्हणजे झपाट्याने वाढणाऱ्या ब्लड कॅन्सरमध्ये, मात्र कारखान्याची जागाच कुणीतरी बळकावलेली असते. ब्लास्ट नावाच्या कोवळ्या पेशी, ज्यांनी एरवी मोठं होऊन कामाला लागायचं, त्या मोठ्या व्हायचं विसरतात आणि नुसत्या वाढत सुटतात. निरोगी पेशींना जागाच उरत नाही.

रुग्णाला तपासताना डॉक्टर पोटात प्लीहा लागते का, मानेत-काखेत गाठी आहेत का, हिरड्या सुजल्यात का, हाडं दाबल्यावर दुखतात का हे पाहतात, ते याचसाठी. मुलांमध्ये पाय दुखणं हे कधी कधी पहिलं लक्षण असतं आणि वाढीचं दुखणं म्हणून ते सोडून दिलं जातं.

इथे एक चूक होते आणि ती फार महागात पडते, म्हणून जरा थांबून सांगते. कमी प्लेटलेट पाहून ‘आयटीपी असेल’ असं गृहीत धरलं जातं आणि स्लाइड न पाहताच स्टिरॉइडच्या गोळ्या सुरू होतात. आयटीपीवर स्टिरॉइड हे योग्य औषध आहेच. पण मुळात लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया, म्हणजे एएलएल असेल, तर त्या पेशींनाही स्टिरॉइड मारतं. काही दिवस रुग्णाला बरं वाटतं, आकडेही सुधारतात. रोग मात्र मेलेला नसतो, फक्त झाकला जातो. नंतर मज्जा तपासली तर निदान धूसर येतं, आणि पुढच्या उपचारांची आखणीही त्यामुळे बिघडते. स्टिरॉइडच्या पहिल्या गोळीआधी कुणीतरी अनुभवी माणसाने स्लाइड पाहिलीच पाहिजे. या स्लाइडलाच स्मिअर म्हणतात. पालकांनी हे विचारायला अजिबात संकोचू नये: “डॉक्टर, स्मिअर पाहिला का? कुणी पाहिला?”

काचेवरचा थेंब

मशीन मिनिटाभरात हजारो पेशी मोजतं. पेशीचा आकार आणि आतली गुंतागुंत पाहून ते गट पाडतं. पण ब्लास्ट हा गट त्याला नीट ओळखता येत नाही. चांगली मशीन ‘इथे काहीतरी गडबड आहे’ अशी खूण करतात. साधी मशीन ब्लास्टना मोनोसाइट किंवा लिम्फोसाइट या नेहमीच्या पांढऱ्या पेशी समजून मोकळी होतात. रिपोर्टवर ‘लिम्फोसाइट ८५ टक्के’ असं छापून येतं आणि वाचणाऱ्याला वाटतं, विषाणूचा ताप असेल. म्हणून डोळा लागतो.

काचपट्टीच्या एका टोकाजवळ रक्ताचा लहानसा थेंब ठेवायचा. दुसरी काच तिरकी धरून थेंबाला टेकवायची, कडेला रक्त पसरलं की एका झटक्यात पुढे ओढायची. जिभेच्या आकाराचा पातळ थर उमटतो, शेवटाला विरळ होत जाणारी शेपटी. हात कापला तर पट्टे पडतात, थेंब मोठा झाला तर थर जाड होतो, पेशी एकमेकींवर चढतात आणि काहीच वाचता येत नाही. वाळू द्यायचं, मग लिशमनचा रंग. थोड्या वेळाने धुतलं की तांबड्या पेशी गुलाबी आणि पांढऱ्या पेशींची केंद्रकं जांभळी दिसू लागतात. मग तेलाचा थेंब टाकून हजारपट मोठं करून बघायचं.

निरोगी न्यूट्रोफिल ओळखायला सोपी. तिचं केंद्रक तीन-चार पाकळ्यांचं, गडद, घट्ट मिटलेलं. ब्लास्टचं केंद्रक मोठं, जवळजवळ सगळी पेशी व्यापणारं, आणि आतलं रंगद्रव्य इतकं तलम की जणू पातळ मलमलीतून उजेड येतोय. त्यात एक-दोन फिकट वर्तुळं असतात. त्यांना केंद्रिका म्हणतात, आणि रक्तात फिरणाऱ्या पेशीत ती अशी उघडी दिसायला नकोत. पांढऱ्या पेशी कमी असतात तेव्हा असे ब्लास्ट शंभरात दोन-चारच सापडतात, तेही थराच्या कडेला आणि शेपटीत. त्यामुळे मधोमध दोन-चार जागा बघून ‘काही नाही’ म्हणता येत नाही. शंका उरली तर रक्ताची नळी यंत्रात वेगाने फिरवून पांढऱ्या पेशींचा पातळ साका वेगळा काढायचा आणि त्याची स्लाइड करायची.

ल्युकेमिया या शब्दाचा अर्थ ‘पांढरं रक्त’. १८४५ साली एडिंबरामध्ये जॉन ह्यूज बेनेट आणि बर्लिनमध्ये रुडॉल्फ विरशो यांनी, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, असे रुग्ण नोंदवले ज्यांच्या रक्तात पांढऱ्या पेशींचा पूर आला होता. विरशो यांनी दोन वर्षांनी हे नाव रूढ केलं. त्या नावाने एक समजूत मात्र कायमची मागे राहिली, की ब्लड कॅन्सरमध्ये पांढऱ्या पेशी वाढतातच. आपल्या मुलीच्या तर १,९०० आहेत, म्हणजे किमान पातळीच्या निम्म्याहूनही कमी. ‘पेशी वाढलेल्या नाहीत, मग कॅन्सर कसा असेल?’ हा प्रश्न मला सुशिक्षित नातेवाइकांनीच नव्हे, क्वचित डॉक्टरांनीही विचारला आहे. उत्तर असं, की पेशी मज्जेत खच्चून भरलेल्या असतात, रक्तात उतरलेल्या नसतात. आणि ज्या प्रकारात हे बहुतेकदा घडतं, त्याच प्रकारात वेळ सगळ्यात कमी हातात असतो.

तास मोजावे लागतात तो प्रकार

समजा, शेपटीत शोधता शोधता एक पेशी सापडली. मोठी, आणि पेशीद्रव्यात जांभळट-तांबड्या कणांची एवढी दाटी की केंद्रकाची कडाही धड दिसत नाही. केंद्रक गोल नाही, मधे चिमटल्यासारखं, डमरूसारखं. आणि कणांच्या गर्दीत तांबूस, सुईसारख्या बारीक काड्या. एक नाही, दोन नाही, काटक्यांची बांधलेली मोळीच. या काड्यांना ऑअर रॉड म्हणतात. एखादी काडी मायलॉइड ल्युकेमियाच्या, म्हणजे एएलएलहून वेगळ्या घराण्यातल्या ल्युकेमियाच्या, इतर प्रकारांतही दिसते. पण अशी मोळी दिसली की माझा हात फोनकडे जातो. लेखी रिपोर्ट नंतर होईल, आधी वॉर्डातल्या डॉक्टरांशी बोलायचं: “अ‍ॅक्यूट प्रोमायलोसायटिक ल्युकेमियाचा दाट संशय आहे. गोठण्याच्या तपासण्या आत्ताच पाठवा.”

या आजाराचं छोटं नाव एपीएल. तीव्र मायलॉइड ल्युकेमियाच्या साधारण दहा रुग्णांत एकाला हा असतो, आणि तरुणांमध्ये तो तुलनेने जास्त दिसतो. १९५७ साली नॉर्वेतल्या लाइफ हिलेस्टाड यांनी तीन रुग्णांच्या नोंदींवरून त्याला स्वतंत्र आजार म्हणून ओळखलं. त्यांनी लिहून ठेवलेलं वैशिष्ट्य हेच होतं: भयंकर रक्तस्राव आणि काही आठवड्यांत मृत्यू.

रक्तस्राव भयंकर का, ते समजून घेण्यासारखं आहे. इतर ल्युकेमियात प्लेटलेट कमी पडतात म्हणून रक्त जातं. इथे त्यावर आणखी एक संकट असतं. या पेशींच्या अंगावर टिश्यू फॅक्टर नावाचं प्रथिन असतं. एरवी ते जखम झाली की उघडं पडतं आणि ‘गोठायला लागा’ असा इशारा देतं. इथे जखम नसताना तो इशारा शरीरभर वाजत राहतो. जागोजाग बारीक गुठळ्या होतात, आणि रक्त गोठवायचा सगळा साठा, फायब्रिनोजेन, इतर प्रथिनं, उरल्यासुरल्या प्लेटलेट, त्यांत खर्ची पडतो. वर या पेशी गुठळ्या विरघळवणाऱ्या यंत्रणेलाही चिथावणी देतात. म्हणजे जिथे खरोखर बूच हवं तिथे ते बसत नाही, आणि बसलंच तर टिकत नाही. या अवस्थेला डीआयसी म्हणतात. सुई टोचलेल्या जागेतून रक्त पाझरत राहिलं की परिचारिकेच्या ते आधी लक्षात येतं. सर्वांत मोठी भीती मेंदूत रक्तस्राव होण्याची. एपीएलमध्ये सुरुवातीच्या दिवसांत जे रुग्ण दगावतात, त्यांतले बहुतेक रक्तस्रावानेच दगावतात, कॅन्सर पसरून नव्हे.

म्हणून सीबीसीसोबत चार तपासण्या लगेच हव्यात: प्रोथ्रॉम्बिन टाइम आणि एपीटीटी (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणाऱ्या), फायब्रिनोजेन, आणि डी-डायमर (विरघळलेल्या गुठळ्यांचे अवशेष). पहिल्या दोन लांबलेल्या, फायब्रिनोजेन घसरलेलं आणि डी-डायमर आभाळाला टेकलेलं, असं चित्र आलं की शंकेला फारशी जागा राहत नाही. फायब्रिनोजेन साधारण २०० ते ४०० मिलिग्रॅमच्या दरम्यान असतं. ते १०० च्या खाली गेलं तर मला धस्स होतं.

आता मुख्य गोष्ट. या आजारावर ऑल-ट्रान्स रेटिनॉइक अ‍ॅसिड, म्हणजे एट्रा, नावाचं औषध आहे. अ-जीवनसत्त्वाचं एक रूप, तोंडाने घ्यायची कॅप्सूल. ती सुरू झाली की गोठण्याची ही बेबंदशाही काही दिवसांत आवरायला लागते. आणि ती सुरू करायला जनुकीय तपासणीच्या पक्क्या निकालाची वाट पाहायची नसते. संशय आला त्याच दिवशी द्यायची. नंतर निदान दुसरंच निघालं तर औषध थांबवता येतं, दोन-चार दिवसांच्या कॅप्सूलने फारसं बिघडत नाही. वाट पाहण्यात गेलेली रात्र परत आणता येत नाही. तरुण मुलगी असेल तर पहिल्या डोसाआधी गर्भधारणा चाचणी करतात, कारण गर्भाला हे औषध घातक आहे. तिला अवघडल्यासारखं न होऊ देता ते विचारायचं.

कॅप्सूलच्या बरोबरीने रक्तघटक चढवतात. एरवी रक्तस्राव नसलेल्या ल्युकेमियाच्या रुग्णाला प्लेटलेट १०,००० च्या खाली गेल्यावर देतात. एपीएलमध्ये त्या ३०,००० ते ५०,००० च्या वर राखायचा प्रयत्न असतो, आणि फायब्रिनोजेन १०० ते १५० च्या वर. त्यासाठी क्रायोप्रेसिपिटेट, म्हणजे फायब्रिनोजेनने भरलेला रक्तघटक, लागतं, प्लाझ्मा लागतो, आणि हे दिवसातून दोनदा-तीनदा तपासून पुन्हा पुन्हा द्यावं लागतं. नातेवाइकांना ‘रक्तदाते आणा’ हा धोशा त्रासदायक वाटतो, ते मी समजू शकते. पण पहिल्या आठवड्यात जीव या पिशव्यांवरच टांगलेला असतो. पाठीच्या कण्यातून पाणी काढणं, मानेत जाड नळी टाकणं असल्या गोष्टी या काळात शक्यतो टाळतात.

पक्कं निदान

स्लाइडने दिशा मिळते, पुरावा मज्जेतून मिळतो. बोन मॅरो तपासणीची धास्ती लोकांना फार असते, आणि तिचं मूळ बहुतेकदा एका गैरसमजात असतं: सुई मणक्यात जाईल आणि पाय लुळे पडतील. सुई मणक्यात जात नाही. कुशीवर झोपवून कमरेच्या हाडाचा मागचा उंचवटा शोधतात, कातडी आणि हाडावरचं आवरण बधिर करतात आणि त्या हाडात सुई घालतात. पाठीचा कणा तिथून बाजूला असतो. दुखत नाही असं मात्र मी कुणाला सांगत नाही. बधिर करताना चुरचुरतं, आणि द्रव मज्जा सिरिंजने ओढताना काही सेकंद मांडीपर्यंत चमक जाते. ती बधिर करता येत नाही. आधी सांगून ठेवलं की माणूस ती सोसतो, फसवलं की पुढच्या प्रत्येक सुईला घाबरतो. मग हाडाचा लहानसा दंडगोल तुकडा काढतात आणि जागा चांगली दाबून धरतात. प्लेटलेट कमी आहेत एवढ्यासाठी ही तपासणी अडत नाही, कारण ही जागा वरून दाबता येते.

मज्जेतल्या पेशींपैकी २० टक्के किंवा जास्त ब्लास्ट असतील तर तीव्र ल्युकेमिया, असा सर्वसाधारण निकष आहे. काही जनुकीय बदल सापडले तर त्याहून कमी असूनही निदान होतं, एपीएल त्यातलाच.

पण ‘ब्लास्ट’ म्हणून भागत नाही, कुठल्या घराण्यातला ते हवं. मायलॉइड की लिम्फॉइड, आणि लिम्फॉइड असेल तर बी की टी. औषधं संपूर्ण वेगळी आहेत. फ्लो सायटोमेट्री हे ठरवते. पेशींच्या अंगावरच्या खुणांना चमकणारी प्रतिपिंडं चिकटवतात आणि एकेक पेशी लेझरसमोरून सोडतात. सीडी१९ चमकलं तर बी, पेशीच्या आत सीडी३ सापडलं तर टी, मायलोपेरॉक्सिडेज दिसलं तर मायलॉइड. एपीएलची खूण गंमतीदार नसली तरी लक्षात राहणारी आहे: कोवळ्या पेशींवर सहसा असणारी सीडी३४ आणि एचएलए-डीआर ही दोन्ही चिन्हं तिच्यावर बहुधा नसतात.

आणि शेवटी गुणसूत्रं. एपीएलमध्ये १५ आणि १७ क्रमांकाच्या गुणसूत्रांचे तुकडे अदलाबदल होतात. १९७७ मध्ये शिकागोच्या जॅनेट राउली यांनी ते दाखवलं. या अदलाबदलीतून पीएमएल-आरएआरए नावाचं जोडजनुक तयार होतं, आणि फिश किंवा पीसीआर तपासणीत ते सापडलं की निदानावर शिक्का बसतो. एएलएलमध्ये फिलाडेल्फिया गुणसूत्र आहे का ते पाहतात, इतर मायलॉइड प्रकारांत एफएलटी३, एनपीएम१ अशी जनुकं. यावर पुढचे उपचार ठरतात, म्हणून आठवडाभर लागला तरी या तपासण्या टाळू नयेत.

निदान होईपर्यंत घरच्यांनी सांभाळायच्या गोष्टी थोड्याच आहेत. दुखलं-खुपलं म्हणून अ‍ॅस्पिरिन, आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक देऊ नका. लागलंच तर डॉक्टरांना विचारून पॅरासिटॅमॉल. कमरेत किंवा दंडात स्नायूचं इंजेक्शन घेऊ देऊ नका. हिरड्यांतून रक्त येतं म्हणून दात काढायला तर मुळीच नेऊ नका. आणि डोकं जोरात दुखणं, उलट्या, दृष्टी अंधुक होणं, गुंगी, शौचाला काळं होणं, किंवा पांढऱ्या पेशी कमी असताना ताप, यांपैकी काही दिसलं तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठा.

औषध आधी सापडलं, कारण नंतर

एट्राची हकीकत सांगितल्याशिवाय मला हा विषय पुरा झाल्यासारखा वाटत नाही. कॅन्सरची पेशी मारायचीच, असं सगळं जग धरून चालत होतं. शांघायमधले वांग झेनयी वेगळा विचार करत होते: ही पेशी मोठी व्हायची थांबली आहे, तर तिला मोठं होऊ दिलं तर? १९८५ मध्ये त्यांनी पाच वर्षांच्या एका अत्यवस्थ मुलीला एट्रा दिलं आणि ती बरी झाली. १९८८ मध्ये त्यांच्या चमूने २४ रुग्णांचा अनुभव प्रसिद्ध केला. सगळ्यांचा आजार आटोक्यात आला होता. पीएमएल-आरएआरए सापडलं ते त्यानंतर. तेव्हा कळलं की बिघडलेलं जनुक नेमकं रेटिनॉइक अ‍ॅसिडच्याच ग्राहकाचं, म्हणजे ते पेशीत जिथे जाऊन बसतं त्या प्रथिनाचं आहे, आणि औषध बरोबर त्याच कुलपात बसत होतं. चीनमध्येच, हार्बिनच्या डॉक्टरांनी, १९७० च्या दशकापासून आर्सेनिकचा उपयोग केला होता, तोही या पेशींवर लागू पडला. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या इटली-जर्मनीतल्या अभ्यासात, पांढऱ्या पेशी १०,००० च्या आत असलेल्या रुग्णांना केमोथेरपी न देता फक्त एट्रा आणि आर्सेनिक दिलं. दोन वर्षांनी ९७ टक्के रुग्ण आजार न उलटता जिवंत होते. हिलेस्टाड यांच्या तीन रुग्णांपासून इथपर्यंत यायला छप्पन्न वर्षं लागली.

उपचारातही जपावं लागतं. पेशी झपाट्याने मोठ्या होऊ लागल्या की ताप, धाप, अंगावर सूज असा त्रास होऊ शकतो. त्याला डिफरन्शिएशन सिंड्रोम म्हणतात, तो वेळीच ओळखून स्टिरॉइड द्यावं लागतं. वजन रोज करतात ते त्यासाठीच.

मला मात्र या काळातल्या स्लाइड पाहायला फार आवडतात. कॅप्सूल सुरू होऊन दोन-तीन आठवडे झाले की तीच शेपटी, तोच रंग, पण पेशी बदललेल्या. केंद्रकाला पाकळ्या फुटलेल्या, कण विरळ झालेले, अगदी न्यूट्रोफिलसारखी दिसणारी पेशी. आणि नीट पाहिलं तर अशा एखाद्या मोठ्या झालेल्या पेशीच्या पोटात अजून एक तांबूस काडी शिल्लक असते.